शक म्हणजे निदान नव्हे

गाडी बंद पडली की आपल्याकडे दोन गोष्टी एकदम होतात. मालक बॉनेट उघडतो आणि भोवती जमलेली चार माणसं चार पार्टची नावं घेतात. एक म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो सेल्फ गेला, तिसऱ्याला पेट्रोलमध्ये कचरा असल्याची खात्री असते आणि चौथा म्हणतो, ही गाडीच विकून टाका. या चौघांपैकी एखादा बरोबरही असतो, पण आपण बरोबर आहोत हे त्याला ठाऊक नसतं. त्याला फक्त शक असतो. माझ्या मामूंनी मिरजेत पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं आणि या शकाशी त्यांचं वैर होतं. "शक पे पाना मत लगा," असं ते हाताखालच्या पोरांना दिवसातून दहा वेळा सांगत.

मामू फार शिकलेले नव्हते. पण त्यांच्याकडून मी जे शिकलो ते मला पुढे वर्गात विज्ञान शिकवताना उपयोगी पडलं. आज ते लिहावंसं वाटण्याचं कारण साधं आहे. आपल्यापैकी बहुतेकांची गाडी जुनी, दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातची असते. कुणी शिक्षक, कुणी किराणा दुकानदार, कुणी सौदीहून परतून टॅक्सीवर चालवणारा. अशा घरात गॅरेजचं एक मोठं बिल म्हणजे मुलांच्या फीचा एक हप्ता. ते बिल खऱ्या बिघाडाचं असेल तर नाइलाज आहे. पण शकाचं असेल तर?

मामू गाडीला हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारत. काय होतं, कधी होतं आणि त्याच्या आधी काय झालं होतं. गिऱ्हाईक म्हणे, "मामू, इंजिन मिसिंग मारतंय." मामू विचारत, "थंड असताना की गरम झाल्यावर? चढाला की सपाटीला? काल गाडी धुतली होती का?" काल इंजिनवर पाण्याचा फवारा मारून गाडी धुतली असेल तर प्लगच्या खाचेत किंवा कॉइलच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असण्याची शक्यता मोठी. तिथून तपास सुरू करायचा. निम्मं निदान या तीन प्रश्नांत होई आणि त्याला एक पैसा लागत नसे. हे प्रश्न घरी आपण स्वतःलाही विचारू शकतो आणि उत्तरं कागदावर लिहून गॅरेजला नेऊ शकतो.

घरी करायच्या तपासाला सामानही फार लागत नाही. काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर, टायरची हवा मोजायचा गेज, टॉर्च, दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर आणि जुनं वर्तमानपत्र.

सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे सकाळी गाडी चालू न होणं. इथे आधी कान वापरायचा. किल्ली फिरवल्यावर सलग कट-कट-कट असा आवाज येत असेल तर बहुधा बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच मोठा 'टक्' येऊन शांत होत असेल तर सेल्फचा सोलेनॉइड किंवा त्याकडे जाणारी जाडी वायर संशयित. काहीच आवाज नसेल तर हेडलाइट लावून किल्ली फिरवा. लाइट एकदम मंद झाला तर वीज कमी पडते आहे. लाइट तसाच लख्ख राहिला तर वीज आहे, पण सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाही. मग फ्यूज, रिले, किल्लीचा स्विच किंवा काही गाड्यांत क्लच पेडलखालचा स्विच बघायचा. आणि सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, ही तर वेगळीच तक्रार. तिथे बॅटरी निर्दोष आहे. तिथे पेट्रोल आणि ठिणगी शोधायची. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत किल्ली 'ऑन' केली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पेट्रोल पंपाची बारीक गुणगुण ऐकू येते. ती येत नसेल तर आधी पंपाचा फ्यूज पाहायचा, मग पंपाला दोष द्यायचा.

आवाजानंतर आकडा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पण भरलेली बॅटरीसुद्धा आतून म्हातारी असू शकते, म्हणून दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून मीटर बघायचा. त्या क्षणी आकडा साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळला तर बॅटरी भार सोसत नाही. मग इंजिन चालू झाल्यावर पुन्हा बघा. साधारण १३.८ ते १४.५च्या दरम्यान आकडा आला तर अल्टरनेटर चार्ज करतो आहे. चालू इंजिनवरही तो १२.३च दाखवत असेल तर नवीन बॅटरी घालून उपयोग नाही, तीही दोन दिवसांत झोपेल. नव्या काही गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे आकडा थोडा वरखाली होतो, हेही ध्यानात ठेवावं.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने धुवावी, कोरडी करून घट्ट आवळावी. टर्मिनल काढताना आधी वजा, लावताना वजा शेवटी. याला कारण आहे. वजा टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं असतं. अधिक टोक आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर शॉर्ट होऊन पाना लालभडक होऊ शकतो. बॅटरीजवळ विडी-सिगारेट नको, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

पूर्वीचे मिस्त्री अल्टरनेटर तपासायला चालत्या इंजिनवर बॅटरीचं टोक काढून बघत. मामूही त्यांच्या तरुणपणी तसंच करत. इलेक्ट्रॉनिक गाड्या आल्यावर त्यांनी ते बंद केलं आणि पोरांनाही करू दिलं नाही, कारण त्या झटक्याने व्होल्टेज उसळून कॉम्प्युटर जळू शकतो. उस्तादाकडून आलेली प्रत्येक युक्ती राखायचीच असते असं नाही, हेही मी त्यांच्याकडूनच शिकलो.

एक प्रसंग सांगतो. माझ्या एका सहकाऱ्याची दहा वर्षं जुनी पेट्रोल गाडी होती. सकाळी ठीक चालू व्हायची. दुपारी शाळा सुटल्यावर सेल्फ रडत रडत फिरायचा. एका गॅरेजने त्यांना नवीन बॅटरी घालायला लावली. फरक पडला नाही. मग तिथे सेल्फ बदलायचं अंदाजपत्रक मिळालं, आणि 'कदाचित अल्टरनेटरही' असं वर तोंडी. सहकारी वैतागून मामूंकडे आले. मामूंनी बॅटरी मोजली, १२.६. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवरचा आकडा ११च्या खाली गेला नाही. म्हणजे बॅटरी दमत नव्हती. मग त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या वजा टोकाला आणि दुसरी थेट इंजिनच्या धातूला लावली आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितला. वायर चांगली असेल तर इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी यायला हवं. मीटरने जवळजवळ दोन व्होल्ट दाखवले. इंजिन आणि बॅटरी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी गंजलेल्या बोल्टवर ढिली बसली होती. वीज तिथे अडत होती आणि इंजिन तापलं की जास्तच. बोल्ट काढला, पॉलिश पेपर मारला, घट्ट केला. पंधरा मिनिटं. ती गाडी पुढे तीन वर्षं त्याच सेल्फवर चालली.

हा प्रसंग मी मामूंच्या कौतुकासाठी सांगत नाही. त्या पहिल्या गॅरेजचा मालक चोर होता असंही मला वाटत नाही. त्याला शक आला, त्याने पार्ट बदलला. दुसरा शक आला, तो दुसरा पार्ट बदलायला निघाला. प्रत्येक वेळी पैसे मात्र गिऱ्हाइकाचे गेले.

दुसरी मोठी तक्रार इंजिन तापण्याची. आमची सासुरवाडी रत्नागिरीची, त्यामुळे मे महिन्यात भरल्या गाडीने एसी लावून आंबा घाट चढणं-उतरणं आम्हाला नेहमीचं. घाटात काटा वर सरकू लागला तर आधी एसी बंद करा आणि हीटर पूर्ण सोडा. उन्हाळ्यात हा उपाय वेडेपणाचा वाटतो, पण हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनची उष्णता आत ओढून घेतो. काटा लाल रेषेला टेकला किंवा वाफ दिसली तर बाजूला थांबून इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना कोणत्याही परिस्थितीत उघडायचं नाही. त्या झाकणाने आतलं पाणी दाबाखाली ठेवलेलं असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो आणि सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. अशी भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. पाऊण तास थांबा, चहा प्या.

घरी आल्यावर पुन्हा तोच प्रश्न, कधी तापते? शहरात सिग्नलवर तापते पण हायवेवर ठीक असते, तर पंख्याकडे बघा, कारण हायवेवर वाऱ्यानेच रेडिएटर थंड होतो. उलट वेगात किंवा चढाला तापते आणि गल्लीत ठीक असते, तर पाणी नीट फिरत नाही, रेडिएटर आतून चोंदला आहे, थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा पाण्याचा पंप थकला आहे. पंख्याची परीक्षाही सोपी आहे. बहुतेक गाड्यांत एसी लावला की तो फिरायलाच हवा. फिरला नाही तर फ्यूज बघा. फ्यूज ठीक असेल तर त्याच डब्यातला त्याच नंबरचा दुसरा रिले, बऱ्याचदा हॉर्नचा, तात्पुरता पंख्याच्या जागी बसवून बघा. पंखा फिरला तर रिले गेला होता, पंखा नव्हे. पण बोटं लांब ठेवून, कारण पंखा केव्हाही सुरू होतो.

कूलंट इंजिन थंड असताना टाकीवरच्या दोन रेषांच्या मध्ये असावं. ते वारंवार कमी होतं, पण बाहेर गळती दिसत नाही, पांढरा धूर थांबत नाही, ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर दिसतो, अशी लक्षणं एकत्र आली तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा आणि गाडी न चालवता मिस्त्रीला बोलवावं. आणि बोअरचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतू नये. ज्या पाण्याने आपल्या बादल्यांना पांढरे थर चढतात, तेच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात.

वर्तमानपत्राचा उपयोग इथे येतो. गाडीखाली काही गळत असेल तर रात्री स्वच्छ कागद अंथरून ठेवा. सकाळी डागाचा रंग आणि जागा बघा. स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल तर ते एसीचं, काळजी नको. हिरवट किंवा गुलाबी, गोडसर वासाचं असेल तर कूलंट. तपकिरी-काळं, चिकट असेल तर इंजिन ऑइल. चाकाजवळ पिवळसर, बुळबुळीत डाग दिसला तर ब्रेक ऑइलची शक्यता, आणि मग ती गाडी जागेवरून हलवायची नाही. धुराचाही असाच हिशेब आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी. पांढरा, गोड वासाचा आणि न थांबणारा धूर म्हणजे कूलंट आत जातंय. थंडीत पहाटे गाडी चालू केल्यावर थोडा वेळ दिसते ती नुसती वाफ.

ब्रेकच्या बाबतीत घरी तपास करावा, दुरुस्ती करू नये. ब्रेक दाबल्यावर बारीक किंचाळी येत असेल तर अनेक गाड्यांत ती पॅड संपत आल्याची सूचना असते, त्यासाठीच एक छोटी पत्री बसवलेली असते. किंचाळीच्या जागी खरखर ऐकू आली तर लोखंडावर लोखंड घासतंय. पेडल स्पंजसारखं लागत असेल तर आत हवा शिरली आहे. पेडल हळूहळू तळाला जात असेल तर गाडी उभी करा, मिस्त्रीकडे चालवत नेऊ नका, मिस्त्रीला आणा. आंबा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांच्या गाड्यांचा जळका वास येतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं.

टायर तर बोलून दाखवतो. मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर हवा कमी, एकाच कडेला झिजला तर अलाइनमेंट बिघडली. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं तर बॅलन्सिंग. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरतं तर डिस्क. हवा नेहमी टायर थंड असताना मोजावी आणि दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा पाळावा. टायरच्या खाचांत छोटे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की त्याचं आयुष्य संपलं. चाक बदलताना नट आधी जमिनीवरच थोडे ढिले करा, दुसऱ्या चाकाला दगड लावा, आणि फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. मामूंच्या ओळखीचा एक तरुण मिस्त्री असाच गेला. त्यानंतर त्यांच्या गॅरेजमध्ये स्टँड लावल्याशिवाय कुणी गाडीखाली गेलेलं मी पाहिलं नाही.

आता यंत्रं आली आहेत. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर बिघाडाचा कोड वाचता येतो. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला की हे जरूर करावं. पण इथेही शक नवा वेश घेऊन येतो. समजा 'पी०१७१' असा कोड आला. लगेच कुणीतरी सांगतं, ऑक्सिजन सेन्सर गेला, बदला. कोड तसं म्हणत नाही. कोड एवढंच म्हणतो की मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. एखादा रबरी पाइप चिरलेला असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, पेट्रोल पंपाचा दाब कमी असेल. सेन्सर बिचारा खरी बातमी देत असतो आणि आपण बातमी आणणाऱ्यालाच काढून टाकतो. कोड ही फिर्याद आहे, निकाल नाही.

सूरह हुजुरातमध्ये कुणी बातमी आणली तर आधी खातरजमा करा, अशी आज्ञा आहे. त्याच सूरहमध्ये पुढे फार शंका घेण्यापासून दूर राहायलाही सांगितलं आहे. हे आपण माणसांच्या बाबतीत वाचतो, आणि आजच्या दिवसांत ते माणसांच्या बाबतीत वाचण्याची गरज किती आहे हे वेगळं सांगायला नको. मामू ते गॅरेजमध्येही लावत.

याचं कारण मला उशिरा समजलं. माझ्या बहिणीचा मुलगा दहावीनंतर शिकायला तयार नव्हता. त्याला एका गॅरेजवर ठेवलं तेव्हा बहीण रडली. आपल्या घरांत ही गोष्ट हळू आवाजात सांगितली जाते. सीरतच्या जलशात आपण अल-जझरीचं नाव अभिमानाने घेतो, बाराव्या-तेराव्या शतकात त्याने पाणी उपसायच्या यंत्रात क्रँक वापरला असं सांगतो. आज प्रत्येक इंजिनच्या पोटात क्रँकशाफ्ट फिरतो आहे. पण स्थळ बघताना मुलगा गॅरेजमध्ये आहे म्हटलं की समोरच्यांचा चहा थंड होतो. बाहेरून तर 'पंक्चरवाला' हा शब्द शिवीसारखा येतोच.

त्या पंक्चरवाल्याकडे एकदा नीट बघावं. तो ट्यूब पाण्याच्या टबमध्ये बुडवतो, बुडबुडा कुठून येतो ते शोधतो, खूण करतो, घासतो, पॅच लावतो. पण ट्यूब परत घालण्याआधी तो टायरच्या आतून सगळीकडे हात फिरवतो. खिळा अजून रुतलेला असेल तर हाताला लागावा म्हणून. नाहीतर उद्या त्याच जागी पुन्हा भोक पडेल. लक्षण बुजवून थांबायचं नाही, कारण काढायचं. शिवी देणाऱ्यांपैकी किती जण आपापल्या कामात एवढं करतात?

तर माझा भाचा. वर्षभराने तो एका संध्याकाळी मामूंकडे येऊन गप्प बसला. खूप विचारल्यावर बोलला. "नानाजान, सेठ बोलता है पार्ट बदल दे. मेरे को मालूम रहता वो खराब नहीं है. फिर भी बदलता मैं."

मामूंनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग त्यांनी सूरह मुतफ्फिफीनची आठवण काढली. मापात कमी देणाऱ्यांना ताकीद देणारी सूरह. मराठीत मापात पाप म्हणतो तेच. "तराजू सिर्फ बनिये के पास नहीं रहता," ते म्हणाले. "अपना मीटर भी तराजू है. बिना नापे पैसा लिया तो वो अपना नहीं."

भाच्याने विचारलं, सेठ ऐकणार नाही, मग काय करू? मामूंनी त्याला नोकरी सोड असं सांगितलं नाही. घरात त्याच्या पगाराची गरज होती, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी सांगितलं, तू मोजायला शीक, इतकं की तुझ्या आकड्यासमोर सेठलाही बोलता येणार नाही. आणि काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात देत जा. स्वतः मामू हे आयुष्यभर करत आले होते. जुना पार्ट कागदात गुंडाळून, तो कुठे झिजला ते बोटाने दाखवून देत.

भाचा पुढच्या वर्षी आयटीआयला गेला. मेकॅनिक मोटार व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड केला. ज्यांना तसं दोन वर्षं बसणं शक्य नाही, पण हाताला कला आहे, अशांसाठी केंद्र सरकारच्या कौशल्य विकास योजनेत आधीचं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोयही आहे. आपल्या मोहल्ल्यांतल्या किती मिस्त्रींना ती ठाऊक आहे? इलेक्ट्रिक गाड्या येत आहेत. त्यांच्या नारिंगी रंगाच्या जाड वायरींत शेकडो व्होल्ट असतात, तिथे घरी हात घालायचाच नाही आणि गॅरेजमध्येही शिकल्याशिवाय नाही. कानाने ऐकून इंजिन ओळखणाऱ्या पिढीनंतरच्या पोरांना आता मीटर, सर्किट आणि थोडं इंग्रजी यायलाच हवं. मशिदीच्या हॉलमध्ये रविवारी दोन तास एवढं शिकवणं अवघड नाही.

आणि गाडीवाल्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्हीही थोडं शिकावं. मिस्त्रीला पकडण्यासाठी नव्हे. 'हे लोक फसवतातच' असं म्हणत गॅरेजमध्ये शिरणाराही शकावरच पाना लावत असतो. आपण तीन प्रश्नांची उत्तरं आणि दोन आकडे घेऊन गेलो तर प्रामाणिक मिस्त्रीचं काम सोपं होतं, आणि जो घाईत आहे तोही जरा थांबतो. पार्ट बदलायला सांगितला तर शांतपणे विचारावं, "हा गेलाय हे कशावरून कळलं?" चांगला मिस्त्री या प्रश्नावर चिडत नाही. तो खुश होऊन दाखवायला लागतो.

मामू आता नाहीत. भाच्याचं स्वतःचं छोटं गॅरेज आहे, एका वेळी दोन गाड्या उभ्या राहतील एवढं. तो प्रत्येक गाडीची नोंद वहीत ठेवतो. तक्रार, तपासलं काय, आकडा किती, सापडलं काय, घेतले किती. मागच्या महिन्यात ती वही मी चाळली. एका पानावर लिहिलं होतं: 'बॅटरी बदला म्हणाले. बॅटरी १२.६. भार दिल्यावर ठीक. टर्मिनल ढिलं होतं, आवळलं. पैसे घेतले नाहीत.' त्याच माणसाच्या दुसऱ्या गाडीची नोंद पुढच्या पानावर होती, आणि त्याच्या भावाच्या गाडीची त्याच्या पुढच्या.